चार मिनिटांचं शेत

मेहकरजवळचं आमचं शेत विकायचं ठरलं आणि मी पुण्याहून भाड्याचा ड्रोन घेऊन गावी गेलो. (भाऊ म्हणाला, ‘लोणारलाही उडव ना!’ २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हापासून सगळ्यांना तेच सुचतं. पण ते अभयारण्य आहे बाबा, परवानगीशिवाय नाही!)

पुण्यात परतून ४के फुटेज लॅपटॉपवर टाकलं, तर चित्र दोन पावलं चालायचं आणि थांबायचं. ऑफिसातला मित्र म्हणाला, प्रीमियर प्रो घे. झकास आहे, पण पैसे भरत राहायचे. चार मिनिटांच्या फिल्मसाठी? मग दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घेतली. ती ३८४० बाय २१६० पर्यंतची फिल्म काढून देते; आपल्या टीव्हीला आणखी काय हवं? तरी अडखळणं चालूच. शेवटी कळलं, गोम फाइलमध्ये होती. ड्रोन एच.२६५ मध्ये चित्र इतकं दाबून भरतो की ते उलगडताना लॅपटॉपला घाम फुटतो. उपाय म्हणजे प्रॉक्सी. हलक्या प्रतींवर कापाकापी करायची आणि फायनल काढताना मूळ फाइल वापरायची. तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना प्रॉक्सी जमतात का, हे आधी बघा, इफेक्ट्स नंतर.

दिवाळीत बाबांना टीव्हीवर दाखवलं. रंग, म्युझिक, सगळं जीव ओतून केलेलं. दुसऱ्याच मिनिटाला बाबा म्हणाले, ‘थांबव रे. ते निंब हाय ना आपलं?’

मी पॉज केलं. पुढची फिल्म त्या रात्री कुणी पाहिलीच नाही.