टेक्सासच्या अंगणातली टर्की

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण. त्या दिवशी घरोघर टर्की शिजते. टर्की ही कोंबडीची थोरली बहीणच, पाच-सहा किलोंची! टेक्सासात आम्ही ज्या शेतकऱ्याकडे उतरलो, त्याच्या अंगणात धुराची लोखंडी भट्टी होती. जळण पेकनचे. हे झाड अक्रोडाच्या कुळातले, धूर गोडसर.

आदल्या वर्षी त्यांची फजिती झाली होती. मंद धुरावर दिवसभर ठेवलेल्या टर्कीची कातडी चामड्यासारखी चिवट झाली. सासूबाईंनी ती न बोलता ताटाच्या कडेला सारली. सुनेला ते लागले.

यंदा तिने टर्की रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवली. मग पुसून दुसरी रात्र फ्रिजमध्ये उघडीच, कातडी सुकावी म्हणून. आपली कुरडई तरी खडखडीत वाळल्याशिवाय फुलते का? भट्टीही या वेळी १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली. तीनेक तास गेले. मांसात खुपसलेला तापमापकाचा काटा ७४ अंशांवर आला, मगच टर्की उतरवली. त्याआधी खाणे धोक्याचे.

सुरी लागताच कातडी कुरकुरली. पहिला तुकडा सासूबाईंच्या ताटात पडला. त्यांनी तो खाल्ला आणि ताट पुन्हा पुढे केले.