वीस थाउ

मोटारीच्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये गोळ्या नसतात. बेअरिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सायकलच्या चाकातले छर्रे येतात. प्रत्यक्षात ती पोलादी पट्टीची अर्धगोल वाटी असते, आतून मऊ मिश्रधातूचा थर दिलेली. अशा दोन वाट्या समोरासमोर बसून शाफ्टला कवेत घेतात. गॅरेजमध्ये त्यांना नुसतं ‘शेल’ म्हणतात.

चालत्या इंजिनात शाफ्ट या शेलला टेकतच नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो. १८८३च्या सुमारास ब्यूचॅम्प टॉवर हा इंग्रज अभियंता बेअरिंगमधल्या घर्षणावर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने वरून भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर आलं. बूच लावलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून आणतो आणि त्याच्याच दाबावर तरंगतो, हे त्यातून कळलं. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. ते समीकरण मी इंजिनिअरिंगला परीक्षेपुरतं पाठ केलं आणि मग सॉफ्टवेअरमध्ये नोकरी धरली.

ते पुन्हा आठवायचं कारण बाबांची जीप. एमएम ५४०, १९९१ची, प्यूजोच्या आराखड्याचं २११२ सीसी डिझेल इंजिन. आम्ही माझगावचे, आणि या गाडीचं कूळही इथलंच. महिंद्रांनी १९४९ मध्ये परदेशातून आलेल्या सुट्या भागांतून विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती माझगावात. म्हणून बाबा म्हणतात, आपली गाडी माहेरी राहते.

यंदा पावसाळ्यानंतर तिचा आवाज बदलला. इंजिन तापलं की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा आणि डिझेलच्या नेहमीच्या खडखडाटाखालून एक जड ठोका ऐकू यायचा. नोंदणीचं पाच वर्षांचं नूतनीकरणही याच वर्षी होतं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या भंगाराच्या भावाहून जास्त येणार हे उघड होतं. बाबा गेल्या वर्षी निवृत्त झाले. ‘‘जुनं झालं की काढून टाकायचं, त्यात काय,’’ ते म्हणाले. हे ते फक्त गाडीबद्दल बोलत नव्हते, एवढं मला समजलं.

रे रोडच्या बाजूला एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी किंमत सांगायच्या आधी इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा पाइप पान्याने सैल केला. त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं की त्याच्या कनेक्टिंग रॉडवरचा भार उतरतो, आणि ठोका तिथलाच असेल तर मंदावतो. चाचा दुसऱ्या पाइपावर होते तेव्हाच बाबांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. म्हणाले, ‘‘तीन नंबर.’’ तीन नंबरच निघाला. त्या दिवसानंतर ‘काढून टाक’ हा विषय घरात निघाला नाही.

सम्प उतरवल्यावर शेल दिसले. नव्या शेलचा पृष्ठभाग मळकट राखाडी असतो. तीन नंबरच्या जोडीवर तो थर जाऊन खालचा तांबूस धातू उघडा पडला होता. शेल मऊ ठेवतात ते यासाठीच. तेलात आलेला कण त्याने पोटात घ्यायचा, झिजायचं तर त्याने झिजायचं, आणि महागाचा क्रँक वाचवायचा. पण आमचा ठोका जुना झाला होता. मायक्रोमीटरने मोजल्यावर क्रँकचा जर्नलही किंचित अंडाकृती निघाला.

त्यावर उपाय म्हणजे ग्राइंडिंग. जर्नल घासून पुन्हा गोल करायचा आणि जेवढा तो बारीक झाला तेवढे जाड शेल बसवायचे. माप थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. पहिल्यांदा दहा, मग वीस, मग तीस; त्यापुढे बहुधा क्रँक बाद. आमच्या शेलच्या पाठीवर ०१० असा छाप होता. बाबांनी गाडी लिलावात घेतली त्याआधीच कुणीतरी तिची एक पायरी वापरली होती. आता आम्ही वीसवर आलो.

चाचांनी नुसते शेल बदलायला साफ नकार दिला. तेल का कमी पडलं ते शोधल्याशिवाय बदललेले शेल पुन्हा जातात. ऑइल पंप झिजला होता, तो बदलला. ग्राइंडिंगहून क्रँक आल्यावर त्याच्या आतल्या तेलाच्या वाटा तार घालून, डिझेलने धुऊन, हवा मारून त्यांनी स्वतः साफ केल्या. घासताना उडालेली एवढीशी भुकटी आत राहिली तर नवे शेल पहिल्याच दिवशी ओरखडतात.

आमच्या धंद्यात जुना कोड फेकून नव्याने लिहू म्हणणारा हुशार समजला जातो. इथे हुशारी याची होती की काय फेकायचं आणि काय ठेवायचं, ते मोजून ठरवायचं. इंजिनाचा ब्लॉक राहिला, क्रँक राहिला, रॉड राहिले.

नूतनीकरण झालं. पहिले हजार किलोमीटर सावकाश चालवायची आहे, म्हणून बाबा पहाटे भाऊच्या धक्क्यापर्यंत नेऊन आणतात. क्रँकवर अजून तीसची एक पायरी शिल्लक आहे. ती वेळ येईल तेव्हा मोजायला कोण असेल, याची मला काळजी वाटते. चाचांचा मुलगा टॅक्सी चालवतो, या कामात तो नाही. मी विचारलं तेव्हा चाचांनी जुना शाफ्ट आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. एकाच जर्नलची मी तीन रीडिंगं घेतली, तिन्ही वेगळी आली.

‘‘शनिवार को आ जाना,’’ ते म्हणाले. सध्या शनिवारी मी तिथे असतो.