सात वाजताचा ग्लास

मुंबईहून गोव्याला क्रूझने यायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती एका बाटलीवर. केबिनला खिडकी हवी की बाल्कनी, हे पाच मिनिटांत ठरलं. बाटलीचं मात्र आठवडाभर फोनवर चालू होतं. बाटली आगळाची होती.

गोव्यातल्या वाचकांना आगळ म्हणजे काय हे सांगायला नको, पण हा अंक आपली इंदूर-बडोद्याची मंडळीही वाचतात, म्हणून थोडक्यात सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत भिरंडां पिकतात. रत्नागिरीकडे त्यांनाच रातांबे म्हणतात. ती फोडून सालं मिठात घालून ठेवली की काही दिवसांत गडद लाल, आंबट-खारट रस सुटतो. तो गाळून बाटलीत भरला की झालं आगळ. दुकानात ‘अमृत कोकम’ म्हणून मिळतं त्यात साखर असते, ह्यात नसते. वर्षभर टिकतं.

आमच्या म्हापशाच्या घरी रोज संध्याकाळी सात वाजता एक स्टीलचा ग्लास भरला जातो. दोन चमचे आगळ, गार पाणी, ठेचलेली हिरवी मिरची, थोडी कोथिंबीर. तो ग्लास बाबांचा. त्याला आता अकरा वर्षं झाली. त्याआधी सात वाजता त्यांच्या हातात दुसरा ग्लास असायचा. (हे बाबांना विचारून लिहितोय. “लिही, त्यात काय लपवायचं? सगळ्या वाड्याला ठाऊक आहे,” असं ते म्हणाले.) दारू सोडताना डॉक्टर, गोळ्या, बैठका सगळं झालं, पण बाबांच्या मते सगळ्यात कठीण होता तो संध्याकाळचा रिकामा हात. लग्नाला, बारशाला, पार्टीला गेलं की ज्याच्या हातात काही नाही त्याच्या हातात कुणीतरी ग्लास देतंच. म्हणून ते कुठेही गेले तरी आपली छोटी बाटली बरोबर नेतात. आधी मला त्याची लाज वाटायची. कॉलेजात होतो तेव्हा.

बोटीची कल्पना माझीच. बाबा १९७८ साली नोकरी शोधायला पहिल्यांदा मुंबईला गेले ते पणजीहून बोटीने. तेव्हा ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ह्या बोटी चालायच्या. सकाळी निघालं की वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, मुसाकाजी, रत्नागिरी, जयगड करत दुसऱ्या दिवशी भाऊचा धक्का. पावसाळ्यात बोट बंद. पुढे ती सेवा कायमचीच बंद झाली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि समुद्रातून मुंबईला जायचं असतं हेच आमची पिढी विसरली. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी दोन रात्रींची तिकिटं काढली. एक पूर्ण दिवस समुद्रावर, तिसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव. ती दोघं थिवीहून कोकणकन्येने आली, मी पुण्याहून. आपल्याच गावी जायला प्रवासी म्हणून हजारो रुपये मोजले, यावरून आई अजून मला बोलते.

बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर गर्दी, पण शिस्त होती. बॅगा एक्स-रे मशीनमधून पुढे सरकत होत्या. आमची बॅग थांबली. सिक्युरिटीच्या मुलीने आतून बाटली काढली. थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरलेला लाल रस, लेबल नाही, बूच प्लास्टिकच्या पिशवीने बांधलेलं. आता विचार करतो तेव्हा तिच्या जागी मी असतो तर मीही थांबवली असती.

“सर, बाहेरचं कुठलंही पेय चालत नाही.”

मी समजावलं. कोकम आहे, दारू नाही, वडिलांना मधुमेह आहे, हवं तर वास घ्या. ती हसली, पण वास काही घेतला नाही. बाटलीला चिठ्ठी बांधली, मला पावती दिली आणि सांगितलं, “उतरताना मिळेल.”

बाबा शांत होते. मग हळूच म्हणाले, “तेव्हा निदान वास तरी घ्यायचे.” ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय. तेव्हा मुंबईत दारूबंदीचे कायदे कडक, आणि गोव्याहून येणारी प्रत्येक बाटली संशयित. भाऊच्या धक्क्यावर एका हवालदाराने आजीने दिलेली आगळाची बाटली उघडली, नाकाशी नेली, तोंड वाकडं केलं आणि “जा, जा” म्हणत परत दिली.

नियम तिकिटाबरोबर आलेल्या अटींमध्ये स्पष्ट लिहिला होता, हे कबूल करतो. ‘मी अटी वाचल्या आहेत’ असा चौकोन वेबसाइटवर बसवण्याचं काम मी नोकरीत केलंय, आणि न वाचता त्यावर टिक करणाऱ्यांतही मीच पुढे. नंतर मात्र बसून वाचलं, फक्त आमच्या बोटीचं नाही, इतरांचंही. तुमच्यातले कुणी अमेरिकेत मुलांकडे जाऊन कॅरिबियनची सफर करणार असतील तर उपयोग होईल. सगळीकडे नियम एक नाही. रॉयल कॅरिबियन पहिल्या दिवशी चढताना प्रत्येक केबिनमागे साध्या आकाराचे १२ कॅन, बाटल्या किंवा खोकी नेऊ देते. कार्निव्हल माणशी १२ नेऊ देते, पण फक्त कॅन किंवा खोकी, प्रत्येकी साधारण ३५५ मिलिलिटरपर्यंतच, आणि तीही हातातल्या सामानात. तिथे बाटल्यांवर २०१५ साली बंदी आली. कारण लोक पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून बूच पुन्हा बसवायचे, माउथवॉशच्या बाटलीत रंग घालून दारू न्यायचे. चपट्या प्लास्टिकच्या पिशव्या तर खास ह्याच कामासाठी विकत मिळतात. एकेक बाटली उघडून हुंगत बसलं तर बोट सुटायची कधी? काही कंपन्या मात्र साधं पाणीसुद्धा चढू देत नाहीत. बारमध्ये विक्री व्हावी हा हेतू त्यात नाही असं कुणी म्हणू नये.

पाण्याची काळजी मात्र खरंच करू नका. मोठ्या बोटी समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून पिण्याचं पाणी स्वतःच तयार करतात. जेवणाच्या हॉलमध्ये पाणी, चहा, कॉफी सहसा फुकट असते. बाळाचं दूध, औषधी किंवा पथ्याचं पेय असेल तर बऱ्याच कंपन्या परवानगी देतात, पण आधी लेखी विचारावं लागतं. मी विचारलं नव्हतं. ‘पथ्याचं पेय’ ह्या शब्दांत आगळ बसतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांच्या बाबतीत त्याहून मोठं पथ्य दुसरं कुठलं?

पहिल्या संध्याकाळी बोट सुटली तेव्हा सगळे वरच्या डेकवर होते. गाणी, रोषणाई, कुलाब्याचं टोक मागे पडत होतं. बाबा कठड्याशी उभे राहून आईला प्राँग्जचं दीपगृह दाखवत होते. सात वाजायला आले. शेजारी नाशिकचं एक कुटुंब होतं, माणसं अगदी दिलदार. त्यातल्या काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, “अहो, गोव्याचे ना तुम्ही? आणि हात रिकामा? एक घ्या हो, समुद्रावर सगळं चालतं.”

बाबा हसले. त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

ते हात मी पाहिले आणि धावत बारवर गेलो. लिंबू-सोडा साखर न घालता द्या म्हटलं, पण गर्दीत त्या मुलाने काय ऐकलं कोण जाणे, हातात आलं ते लाल रंगाचं गोड मॉकटेल. लांब दांड्याचा काचेचा ग्लास, कडेला अननसाची फोड, वर कागदी छत्री. किंमत तीनशेच्या वर. बाबांनी ग्लास हातात घेतला, बघितला आणि मला परत दिला. “हा ग्लास हातात घेतला की मला तेच आठवतं रे. तू पी.” मग झोप येतेय म्हणाले आणि साडेसातला केबिनमध्ये गेले. बाबा साडेदहाच्या आत कधी झोपत नाहीत.

त्या रात्री मी तीनदा त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन आलो. शेजारचीच केबिन होती. अकरा वर्षं झाली तरी घरच्या माणसाचा कान असा दाराला लागलेला असतो. ज्यांच्याकडे हे झालंय त्यांना सांगायला नको. वर कुठेतरी रात्रभर बार चालू होता आणि माझ्या बाबांना तिथे मीच तिकीट काढून आणलं होतं. एकदा दार उघडलं. आई होती. “झोप जा,” म्हणाली, “ते खिडकीतून रत्नागिरी शोधतायत.” क्रूझ किनाऱ्यापासून इतकी लांबून जाते की रत्नागिरीचे दिवे काही दिसत नाहीत. जुनी बोट प्रत्येक बंदरासमोर थांबायची, पडाव यायचे, माणसं आणि गाठोडी उतरायची.

सकाळी नाश्त्याला आईने पर्समधून छोटा स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत सोलां होती, सुकवलेली, काळपट जांभळी.

“हे कुठून आलं?”

“कुठून म्हणजे? माझ्या पर्समध्ये नेहमी असतात. पित्ताला.” टर्मिनलवर त्याच मुलीने हा डबाही उघडून पाहिला होता म्हणे. आईने “पित्तासाठी” सांगितलं आणि तिने डबा बंद करून परत दिला. सोलां घन असल्यामुळे पेयाच्या नियमात बसली नाहीत. इतका सोपा उपाय मला, इंजिनिअरला, आठवडाभर सुचला नव्हता!

पुढची खटपट सोपी होती. चहाच्या काउंटरवरून कपभर गरम पाणी घेतलं, त्यात आठ-दहा सोलां टाकली, कप केबिनमध्ये झाकून ठेवला. दुपारभर भिजली की पाणी चांगलं लाल झालं. आईने सोलां हाताने कुस्करून पिळली. मीठ जेवणाच्या टेबलावरून पुडीतून घेतलं. मिरची तेवढी नव्हती.

सात वाजता तो कप घेऊन आम्ही तिघं वर गेलो. बारमागे पन्नाशीचा एक माणूस होता. बाबांनी त्याच्याकडे रिकामा ग्लास, बर्फ आणि साधा सोडा मागितला. त्याने कपात डोकावून पाहिलं, वास घेतला आणि कोंकणीत विचारलं, “सोलां मूं हीं?”

सासष्टीचा निघाला, तारवटी. आयुष्य बोटींवर गेलेलं. आमच्या गोव्यात घराघरांतून असा एखादा तारवटी असतो, त्यामुळे आश्चर्य वाटायला नको होतं, पण बाबांचा चेहरा असा उजळला की बस. कुठलं गाव, कुठली बोट, किती वर्षं, सगळं झालं. त्याने सरळ उभा ग्लास घेतला, दांड्याचा नव्हे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बर्फ घातला, सोलांचं पाणी ओतलं, वर सोडा. मग आत निरोप पाठवून एक हिरवी मिरची मागवली आणि मधोमध चिरून ग्लासात सोडली. सोड्याचे पैसे बिलावर लावले, मिरचीचे नाही.

बाबा ग्लास घेऊन कठड्याशी गेले. नाशिकचे काका आलेच. “अरे वा! आज घेतली वाटतं?” बाबांनी ग्लास पुढे केला. काकांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि “काय आहे हे?” म्हणून दुसरा घेतला. नंतर अर्धा तास बाबा त्यांना मुसाकाजीला बोट कशी थांबायची ते सांगत होते. आई आणि मी दोन खुर्च्या पलीकडे बसलो होतो. मी पहिल्यांदा समुद्र नीट पाहिला तो तेव्हा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुरगावला उतरताना जप्त केलेलं सामान परत घ्यायची वेगळी रांग होती. रांगेत बहुतेक पुरुष, हातात पावत्या. टेबलावर व्हिस्कीच्या, रमच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या आणि मध्ये आमची, बुचाला पिशवी बांधलेली. बाबांनी पावती दिली, सही केली, बाटली उजेडाकडे धरून सांडलीय का ते पाहिलं. मागचा एक तरुण ती लाल बाटली निरखून बघत होता.

“काका, कुठला ब्रँड?”

“घरचा,” बाबा म्हणाले आणि बाटली पिशवीत घातली. म्हापशाहून मुंबईला जाऊन, न उघडता, ती समुद्रमार्गे परत आली होती. त्याच संध्याकाळी सात वाजता आईने ती उघडली.