खालची वाकळ

डिसेंबरात धारूरला गेलो तेव्हा पिशवीत नायलॉनचा झुला होता. आमचं रान घाटाच्या अंगाला, बालाघाटच्या माळावर. बांधाला सीताफळं, मधे एक कडुनिंब आणि पाच-सहा पावलांवर बाभूळ. झुला बांधायला याहून चांगली जागा कुठली! आई आखाड्यावर नव्या वासराच्या नादात होती. "घर सोडून झाडाला कशाला लटकायलास?" एवढंच म्हणाली.

अकरापर्यंत मजेत होतो. मग पाठ गार पडायला लागली. अंगात स्वेटर, कानटोपी, स्लीपिंग बॅग, वरून घोंगडी. छातीला घाम यायची वेळ आणि कंबर मात्र बर्फाची लादी. आणखी एक चादर आत अंथरली, ती कूस बदलली की सरकून पायाशी गोळा व्हायची. पहाटे तीनला हार मानली आणि उरलेली रात्र आखाड्यातल्या शेकोटीपाशी काढली.

सकाळी आईनं चहा हातात दिला आणि म्हणाली, "अंगावर धा टाकलेस तरी काय उपेग? झोळीला पोतं भाइरून बांधावं लागतंय."

हे ती ऊसतोडीत शिकली होती. आई-बापूंनी बारा पट्टे, म्हणजे बारा हंगाम, कोयता चालवला. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं. धारूर, केज, वडवणीकडच्या कितीतरी गावांचं आजही तेच आहे. उचल घेतलेली, मुकादम दारात, मग कोल्हापूरकडच्या फडावर पाचटाच्या अंथरुणाची कोपी. एका वर्षी बहीण सहा महिन्यांची होती. अंधार असतानाच तोड सुरू व्हायची. उसाची पानं दवानं ओली, कोपराला लागली की शहारा यायचा. आई लुगड्याची झोळी बैलगाडीला बांधायची आणि बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळून आत टाकायची. तरी ती रडायची. भूक म्हणावं तर पाजून झालेलं. टोळीतल्या एका म्हातारीनं झोळीखाली हात घातला आणि आईचा हात ओढून तिथं टेकवला. लेकराची पाठ दगडासारखी गार होती.

म्हातारीनं खताच्या रिकाम्या गोणीत वाळलं पाचट भरलं आणि गोणी झोळीच्या खाली सुतळीनं टांगली. आई मागून पाचट दाबून भरायला लागली तर म्हातारी ओरडली, फुगलेलंच राहू दे.

मी जे पुस्तकी भाषेत समजून घेत होतो, ते सगळं त्या गोणीत होतं. ऊब कापसात किंवा पाचटात नसते, त्यात अडकलेल्या हवेत असते. आपल्या वजनानं अंगाखालची बॅग चपटी होते, हवा निघून जाते आणि उरतं ते नुसतं कापड. त्यात झुल्याखालून वारा वाहता, तो ऊब पुसून नेतो. म्हणून पांघरुणाचा एक थर अंगाखाली न दबता, बाहेरून लोंबता हवा. थंडीत झुल्यावर झोपणारे हौशी लोक यासाठी खास रजई विकत घेतात. किंमत बघून मी ती घेतली नव्हती.

दुसऱ्या रात्री आईनं जुनी वाकळ काढली, चार टोकांना सुतळी लावली आणि झुल्याखाली टांगली. मला आत झोपायला सांगितलं. "सैल झाली." सुतळी आवळली. मग खालून तळवा घालून बघितला. "आता दबली." पुन्हा थोडी सोडली. वाकळ पाठीला टेकली पाहिजे, पण चेपली नाही पाहिजे. डोक्याकडच्या आणि पायाकडच्या फटी तिनं जुन्या पातळाच्या चिंधीनं बांधून टाकल्या, कारण वारा तिथूनच शिरतो.

पाच मिनिटांत पाठ उबदार झाली. घोंगडी मीच काढून टाकली.

पहाटे जाग आली ती पुन्हा पाठ गार पडल्यामुळे. वाकून बघतो तर वाकळ गायब, सुतळ्या तेवढ्या लोंबकळत होत्या. आखाड्यावर गेलो. वासरू वाकळीत गुरफटून बसलं होतं.

"ते कुडकुडायलं होतं," आई म्हणाली. "तुझ्यावर घोंगडी हाय की."