गाव पाच किलोमीटर जवळ आले

फवारणीचे दिवस आले की मी तुमच्या बांधावर येतो आणि एकच पालुपद लावतो. औषध झाकणाने घालू नका, मापाने घाला. १९९९ च्या खरिपात एका कपाशीच्या वावरात मी असाच बोलत होतो. आधी पंपात नुसते पाणी भरा, दहा गुंठे फवारा, लागले त्याची चौपट म्हणजे एकराचे पाणी. प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून शेजाऱ्याचा हिशेब आपल्याला चालत नाही, वगैरे. घरचे तात्या तंबाखू मळत ऐकत होते. म्हणाले, "साहेब, समदं खरं. पण तुमच्या गाडीचा काटा दोन वरसं झाली, शून्यावरच हाय. तुमी किती चालून आला ते कशानं मोजता?"

मी हसण्यावारी नेले, पण मनाला लागले. प्रवासभत्त्याच्या बिलात मी किलोमीटर अंदाजानेच टाकीत होतो. त्या गावाचे जाऊन-येऊन चव्वेचाळीस!

गाडी वडिलांची, बजाज चेतक. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहून मिळालेली, त्यामुळे घरात तिचा मान जनावरापेक्षा कमी नव्हता. रविवारी अंगणात पोते अंथरून बसलो. पुढच्या चाकाच्या तुंब्यात एक छोटे दातेरी चक्र असते. चाक फिरले की ते फिरते आणि त्यात बसलेली चौकोनी टोकाची तार नळीतून वर मीटरपर्यंत फिरत जाते. एवढीच सारी करामत. चाकाकडची बाजू सोडवून ओढली, तर हातात चार बोटे तुकडा आला. चिखलपाणी तिथेच बसते, तार तिथेच तुटली होती. उरलेली वरून, मीटर सोडवून काढली.

इथे माझी चूक झाली ती सांगतो, कारण तुमच्यापैकी कोणाकडे अशी जुनी गाडी असेलच. नव्या तारेला मी टोकापासून टोकापर्यंत ग्रीस थापले. जास्त घातले म्हणजे जास्त टिकेल, हे औषधाच्या बाबतीत ज्याला मी रागावतो तेच. फिरत्या तारेवरून ग्रीस वर चढते. आठ दिवसांत काटा नाचू लागला, मग मीटर चिकटले आणि अडलेल्या मीटरने नवी तार पिळून तोडली. दुसऱ्या खेपेला मीटर दुरुस्त करून आणले. तारेचे टोक त्यात घालून बोटांनी फिरवून काटा हलतो ना ते आधी पाहिले. ग्रीस पातळसे लावले आणि वरची चार बोटे कोरडी ठेवली. नळीला कुठे तीव्र वाक पडू दिला नाही. मग पुढचे चाक उचलून हाताने फिरवले. काटा थरथरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहिले. बरोबर होते. तसाच तात्यांच्या गावाला गेलो. सतरा किलोमीटर. मी बावीस धरीत होतो.

पुढच्या बिलात चौतीस लिहिले. कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. "साहेब, गाव जवळ कसं आलं?" सांगितले त्याला. मागचा फरक वळता करून घ्या, असा अर्जही दिला. तीन महिने पगारातून थोडे थोडे कापले गेले. त्यात दिवाळी आली. सौ. बोलली काही नाही, पण करंज्या त्या वर्षी मोजूनच झाल्या.

दिवाळीनंतर तात्यांकडे गेलो तेव्हा ते आधी गाडीपाशी गेले, वाकून काटा बघितला. मग मला गोठ्याकडे नेले. पंपाच्या पट्ट्याला सुतळीने औषधाचे माप बांधलेले होते.

"आता सांगा," तात्या म्हणाले, "एकराला किती?"