डमरूची कंबर

भोरच्या दुकानात ते 'कॉम्प्युटर चावीचं कुलूप' म्हणून मिळतं. कॉम्प्युटरचा त्यात काडीचाही संबंध नाही. चपट्या चावीच्या अंगावर कमीजास्त खोल खळ्या कोरलेल्या असतात आणि प्रत्येक खळी आतल्या एकेका पिनेला हवं तेवढंच ढकलते, एवढंच. मला ही कुलपं चावीशिवाय उघडायचा छंद आहे. आजीचं त्यावर एकच मत, "मेल्या, पोलीस नेतील." म्हणून नियम कडक आहे: कुलूप स्वतःचं हवं आणि कुठल्याही दाराला लावलेलं नसावं. माझी पाच कुलपं चिवड्याच्या जुन्या डब्यात राहतात.

साध्या पिना सरळ नळकांड्या. चोरांना अडवायला बनवलेल्या पिनेला मात्र डमरूसारखी बारीक कंबर असते. वायपरच्या पोलादी पट्टीने कुलपाच्या फिरत्या गाभ्याला हलका पीळ द्यायचा, तारेच्या टोकाच्या इवल्या पात्याने पिना चाचपायच्या. एक बसते, दुसरी बसते, आणि अचानक गाभा थोडासा फिरतो. छाती फुगते. पुढे काही हलत नाही. डमरूची कंबर कडेला अडकलेली असते.

हा डाव मला खरा कळला राजगडाच्या संजीवनी माचीवर. तिथले बुरूज चिलखती. बाहेरची भिंत फोडून आलेल्याला वाटावं गड आपला, तर समोर दुसरी भिंत आणि मधे अरुंद बोळ. त्या बोळात भर पावसात शेवाळावरून घसरून मी बसकण मारली, आणि खरं सांगतो, तेव्हा मला गड नव्हे, डब्यातलं तिसरं कुलूप आठवलं.

कुलपातल्या त्या डमरूतून सुटायचं तर जिंकलेलं थोडं परत द्यावं लागतं. अडकलेली पिन दाबली की गाभा उलटा फिरून बोटाला रेटतो. त्याला रेटू द्यायचं. पीळ जरा जास्त सैल झाला की आधी बसवलेल्या पिना टुक्, टुक् करत जागेवर परत. तिसऱ्या कुलपाने माझा अख्खा श्रावण खाल्ला. 1851 साली लंडनमध्ये आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन माणसाने ब्रामा कंपनीचं अजिंक्य मानलेलं कुलूप उघडलं, त्याला 51 तास लागले होते. तेही सोळा दिवसांत विभागून. मी त्यातच दिलासा मानत होतो.

शेवटी ते उघडलं लाइट गेलेल्या रात्री. डोळ्यांचा उपयोग नव्हता, बरंच झालं; एरवी मी फटीत उगाच डोकावत बसतो. खट्. कडी सुटली.

"उघडलं गं आजी!"

"मग लाव परत, आणि झोप."

ते कुलूप चावीशिवाय लागत नाही. पाचही चाव्या एकाच जुडग्यात, सगळ्या खळ्याखळ्यांच्या. अंधारात चौथी लावून बघत होतो, तेव्हा लाइट आली.