देवळालीचा ताप

इंग्रजी वाक्प्रचारांची व्युत्पत्ति सांगण्याचा छंद आपल्याकडील सुशिक्षितांस फार. 'पॉश' या शब्दाची कथा आम्हीं कित्येक मित्रांच्या तोंडून ऐकिली आहे. विलायतेहून इकडे येतांना आगबोटीच्या डाव्या बाजूच्या व परततांना उजव्या बाजूच्या खोल्या सावलींत असत. धनिक उतारू त्या राखून ठेवीत. आणि 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून 'पॉश' झाला, अशी ती कथा. कथा सुबक खरी. परंतु तशीं अक्षरें छापलेलें एकही तिकीट आजवर सांपडलेलें नाहीं, आणि कोशकारही तिला मान्यता देत नाहींत.

उलट, जी व्युत्पत्ति खरी आहे व आपल्या दाराशींच घडली, ती फार थोड्यांस ठाऊक असते. एखादा मनुष्य भ्रमिष्टासारखा वागूं लागला म्हणजे इंग्रज बोलतांना म्हणतो, 'ही हॅज गॉन डुलॅली.' हें 'डुलॅली' म्हणजे नाशिकजवळचें देवळाली! तेथें गोऱ्या पलटणींची छावणी असे. चाकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशीं जाण्यापूर्वीं तेथें येऊन राहत. परंतु सैन्याचीं जहाजें थंडीच्या हंगामांतच सुटत. हंगामाच्या अखेरीस मुदत भरलेल्यास पुढील हंगामापर्यंत महिनोन्‌महिने तेथेंच खितपत पडावें लागे. हाताला काम नाहीं आणि घरची ओढ तर अनावर. मग कोणी मद्यांत बुडे, कोणी खरोखरच वेडा होई. फ्रँक रिचर्ड्‌स या शिपायानें 'ओल्ड सोल्जर साहिब' या १९३६ सालच्या आठवणींत हा प्रकार नमूद केला आहे.

मूळ शब्दप्रयोग 'डुलॅली टॅप' असा होता. हा 'टॅप' म्हणजे डोक्यावर मारलेली इंग्रजी टपली नव्हे. फारशी 'तप', म्हणजे ज्वर, आणि आपला 'ताप' हे एकाच कुळांतले शब्द. त्या कुळांतलाच हा. मराठींत ताप अंगांत येतो, तसा डोक्यालाही होतो. शिपायांना झाला तो हा दुसरा. पुढें इंग्रजांनीं 'ताप' गाळला व गांवाचें नांव तेवढें ठेविलें. दोष मात्र गांवाच्या माथीं बसला! वास्तविक देवळालीची हवा उत्तम; मुंबईचीं कुटुंबें तेथें हवापालटासाठीं पिढ्यान्‌पिढ्या जात आलीं. वेड लावलें तें हवेनें नव्हे, वाट पाहण्यानें.

आज हा शब्द थट्टेचा आहे. मित्रमंडळींत तो शोभतो. अर्जांत वा परीक्षेच्या निबंधांत नव्हे. आणि ज्याच्या घरीं खरोखरच कोणी मनोरुग्ण आहे, त्याच्यासमोर तर तो उच्चारूंच नये. वर्गांत आम्ही तो सांगतों तेव्हां देवळालीचें नांव ऐकून मुलें हंसतात. त्यांना आम्ही हंसूं देतों. मग त्या छावणींत जहाजाची वाट पाहत दिवस मोजणाऱ्या, विशीपंचविशींतल्या पोरांची हकीकत सांगतों. त्यानंतर हा शब्द ते जपून वापरतात, असा आमचा अनुभव आहे.